गालातला नमुना आणि महिला गट

प्रश्न : अ‍ॅथलेटिक्समध्ये आता महिला गटासाठी जनुक-चाचणी का? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मोजून भागत नव्हते का?

उत्तर : २०२३ च्या नियमात जन्मजात लैंगिक विकास वेगळा असलेल्या खेळाडूंना रक्तातील टेस्टोस्टेरॉन सलग २४ महिने लिटरमागे २.५ नॅनोमोलखाली ठेवावे लागे. पण औषधाने पातळी उतरली, तरी वयात येताना वाढलेली उंची आणि हाडांची लांबी तशीच राहते. म्हणून १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धांसाठी एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरचे, पुरुष म्हणून शरीराची घडण सुरू करणारे जनुक) चाचणी आहे : गालाच्या आतला फाया किंवा रक्त, आयुष्यात एकदाच.

मात्र जनुक सापडले म्हणजे फायदा मिळालाच, असे नाही. संपूर्ण अँड्रोजन-असंवेदनशीलता या जन्मजात स्थितीत शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही; अशा खेळाडूंना नियमात सूट आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ जणींत हे जनुक आढळले होते, आणि आठही जणी खेळल्या!