जनरेटरवर लोड वाढतो, पण आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) तेच राहतात. मग जास्तीची शक्ती येते कुठून?

टॉर्कमधून, म्हणजे शाफ्टला (फिरणाऱ्या दांड्याला) फिरवणाऱ्या जोरातून. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग (फिरण्याचा वेग). वेग बांधलेला असेल, तर वाढायला टॉर्कच उरतो.

आणि वेग बांधलेलाच असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चार पोलचा (चुंबकीय ध्रुवांचा) जनरेटर 1500 आरपीएमलाच फिरला पाहिजे (4 × 1500 ÷ 120 = 50). हाताशी ठेवायचं सूत्र: किलोवॅट = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ 9550.

समजा 10 किलोवॅटचा लोड आहे आणि जनरेटरची कार्यक्षमता 90 टक्के. म्हणजे शाफ्टवर साधारण 11.1 किलोवॅट हवेत, टॉर्क सुमारे 71 न्यूटन-मीटर. लोड 20 किलोवॅट केला, कार्यक्षमता तीच धरली, की टॉर्क 141 च्या आसपास जातो. आरपीएम 1500 च.

खरी गंमत आत घडते. लोड वाढला की वाइंडिंगमधला (तारेच्या वेटोळ्यांमधला) करंट वाढतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र रोटरला (जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाला) जास्त जोराने मागे ओढतं. रोटर किंचित मंदावतो, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा) ते ओळखून डिझेल वाढवतो, इंजिन जास्त टॉर्क देतं. पाण्याचा पंप सुरू होताच जनसेटचा (इंजिन आणि जनरेटरच्या जोडीचा) आवाज क्षणभर दबतो आणि मग भारदस्त होतो, तो याचमुळे.

तेच 11.1 किलोवॅट 15 आरपीएमने फिरणाऱ्या पवनचक्कीकडून घ्यायचे, तर टॉर्क शंभरपट, सुमारे 7,070 न्यूटन-मीटर लागेल. म्हणून संथ यंत्रांचे शाफ्ट एवढे जाड असतात.