आपली राज्यव्यवस्था म्हणजे इंग्रजांचीच, फक्त पाटी बदललेली, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय, 'इंग्रज गेले तरी संसद, कलेक्टर, कोर्ट, पोलीस सगळं त्यांचंच राहिलं, असं माझा मित्र म्हणतो. मग आपण आपलं असं केलं तरी काय?'

मी रत्नागिरी जिल्ह्यात महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आजोबा खोताचं कूळ होते, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची जमीन कसायचे. त्यामुळे हा विषय मी घरातही ऐकला आणि टेबलावरही पाहिला. माझं म्हणणं असं आहे की तुमचा मित्र कचेरीबद्दल बराचसा बरोबर आहे, पण सभागृहाबद्दल चुकतोय.

आधी कचेरीचं बोलतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकणचा जिल्हा झाला. त्याचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला होतं, १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आलं. कलेक्टर हे पद त्याआधीच, १७७२ साली, वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये निर्माण केलं होतं. एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. असा अधिकारी खुद्द इंग्लंडमध्ये कुठेच नव्हता. वसुली करणारा, फौजदारी अधिकार चालवणारा आणि सगळ्या जिल्ह्यावर नजर ठेवणारा एकच माणूस, हे तिथल्या लोकांनी चालवून घेतलं नसतं. म्हणजे कचेरी ही इंग्रजांच्या घरची वस्तू नव्हे, ती इथे राज्य करण्यासाठी म्हणून बनवलेली वस्तू आहे. आणि तिचं जोतं आपलंच होतं. पेशवाईनंतर इथला कारभार लावणाऱ्या एल्फिन्स्टन साहेबाने पेशवाईतला मामलेदार काढला नाही, गावचा कुलकर्णीही ठेवला. वर साहेब बसवला आणि हिशोबाची शिस्त बदलली. आमच्याकडचे म्हातारे अजून तहसीलदाराला मामलेदारच म्हणतात.

ही घडी १९४७ नंतर फारशी विस्कटली नाही. १८७९ चा जमीन महसुलाचा कायदा जाऊन १९६६ ची संहिता आली, पण गाव नमुने तेच राहिले. तुम्ही ज्याला सातबारा म्हणता तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली फेरफाराची पद्धत त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी शिकवली होती, आणि ती साखळी मागे नेली तर थेट गोऱ्या साहेबापर्यंत जाते. दंडसंहिता १८६० ची, ती १ जुलै २०२४ ला बदलली. राजद्रोहाचं कलम तिच्यात १८७० साली घातलं गेलं, त्याच कलमाखाली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली, आणि स्वतंत्र भारतातही ते कलम पंचाहत्तरहून जास्त वर्षं पुस्तकात राहिलं. इथे तुमच्या मित्राशी मला वाद घालायचा नाही.

आता सभागृह. संसद, पंतप्रधान, प्रश्नोत्तरं, विधेयकाची तीन वाचनं, अध्यक्षाचा मान, हे सगळं खरोखर इंग्लंडमधलं. पण इंग्रजांनी ते आपल्याला दिलं असं म्हणणं मला पटत नाही. त्यांनी थेंब थेंब सोडलं, आणि प्रत्येक थेंबासाठी इथल्या माणसांना भांडावं लागलं.

१८६१ च्या कायद्याने मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे कायदे करणाऱ्या मंडळात, हिंदी माणसं बसू लागली, पण सरकारने नेमलेली. १८७४ पासून त्या कौन्सिलात दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक होते. माणूस अतिशय विद्वान, निर्भीड वकील. पण ते स्वतः खोत घराण्यातले, आणि कोकणातल्या खोतीचा कायदा १८८० साली झाला तेव्हा कुळांच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कुळातला एकही माणूस नव्हता. असणारच कसा? १८९२ नंतर मागच्या दाराने, म्हणजे अप्रत्यक्ष, निवडणूक आली. तिच्यातून १८९५ मध्ये टिळक मुंबई कौन्सिलात गेले आणि पुढे गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोखले गेले. १९०१ साली शेतजमिनीच्या विधेयकावर फिरोजशहा मेहतांबरोबर गोखलेही सभागृहातून उठून बाहेर पडले. आज टीव्हीवर सभात्याग पाहून लोक वैतागतात, पण ज्यांच्या हातात मतं नव्हती त्यांच्याकडे तेवढंच हत्यार होतं. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. मुलांच्या शिक्षणाचा हक्क या देशात प्रत्यक्ष अमलात आला १ एप्रिल २०१० ला. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

ठराव आणि जमीन यांत किती अंतर असतं ते महाडला दिसलं. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. तरी तीन-चार वर्षं त्या पाण्याला कोणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा तो ठराव खरा झाला, आणि त्यानंतरही कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं. कौन्सिल इंग्रजांचं, कोर्ट इंग्रजांचं, नगरपालिकाही त्यांच्याच कायद्याची. पण त्यात जीव ओतला तो त्या ओंजळीने.

मग प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांकडे देणारा इंग्रजांचा १९३५ चा कायदा आणि १९३७ ची निवडणूक. मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती या मुंबई विधानसभेची. तिचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, मूळ घराणं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा असंच म्हणत) बाळ गंगाधर खेर, जन्म रत्नागिरीचा. आणि समोरच्या बाकावर बाबासाहेब आंबेडकर, मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. एका जिल्ह्याशी नाळ असलेली तीन माणसं एका सभागृहात तीन जागी!

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालूच होता, नारायण नागू पाटलांनी उभा केलेला, सहा वर्षं चाललेला. जमिनी पडीक ठेवल्या, अर्धपोटी राहिले, पण खोताचं शेत कसलं नाही. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक मंजूर झालं नाही. आजोबा सांगायचे, मुंबईहून गिरणीतली माणसं शिमग्याला गावी आली की रात्री पडवीत हळू आवाजात त्या मोर्चाचं बोलणं चाले, आणि खोताच्या घरचं कोणी वाटेने दिसलं की गप्प होत. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या गावात. आजोबांना खोताच्या नांगरणीला, घर शाकारायला, लग्नाच्या पालखीला फुकट राबावं लागे. त्याला वेठ म्हणत. पिकातला अर्धा वाटा द्यायचा तो वेगळा.

महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि त्याच १९३५ च्या कायद्याचं कलम ९३ लावून गव्हर्नरने कारभार हातात घेतला. ते कलम लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. युद्धानंतर खेर पुन्हा आले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. मावळंकर दिल्लीला गेले, १९४६ मध्ये इंग्रजी अमदानीतल्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष. म्हणजे तोच माणूस, तीच नियमांची पुस्तकं, पण समोर बसलेली माणसं वेगळ्या रीतीने निवडून आलेली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

१९३७ मध्ये मताचा हक्क होता सुमारे तीन-साडेतीन कोटी लोकांना. सारा भरणारे, मालमत्ता असणारे, शिकलेले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटी ३२ लाख. इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ साली, तिथे पहिल्यांदा पुरुषांचा मताधिकार वाढायला लागल्यापासून जवळजवळ शंभर वर्षांनी. आपण हे एका फटक्यात केलं, बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नसताना. हे कोणाकडून उचललेलं नाही.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर त्याची निशाणी. पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. आमची आजी रांगेत उभी होती आणि तिच्या पुढे खोतीणबाई. आजीने उभ्या जन्मात तिच्याशी अंगणाच्या खाली उभं राहूनच बोलायचं असा रिवाज होता. त्या दिवशी दोघींच्या बोटाला एकाच बाटलीतली शाई लागली. आजीने कोणाला मत दिलं ते तिने आजोबांनाही सांगितलं नाही. 'ता माजा,' एवढंच म्हणायची.

घटनेत १९३५ च्या कायद्यातलं बरंच काही आलं, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्वतःच मान्य केलं. उसनं घेतल्याची त्यांना लाज वाटली नाही. खंत वाटली ती एवढीच, की जे घेतलं ते मुख्यतः कारभाराच्या तपशिलाचं आहे. कारभाराची रीत बिघडवली तर घटनेचा एक शब्द न बदलताही ती उलटी फिरवता येते, म्हणून तपशील लिहावा लागला असं त्यांनी सांगितलं. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो. ते कलम ९३ आठवतंय? आज ते ३५६ आहे, राष्ट्रपती राजवट. आपल्या राज्यात १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये ती लागली. ही मात्र वारशाने आलेली गोष्ट, आणि माझ्या मते चांगली नव्हे.

जे घेतलं नाही तेही पाहा. इंग्लंडमध्ये संसद सर्वश्रेष्ठ, लिखित घटना नाही. आपल्याकडे घटना वर आणि संसद तिच्याखाली, कायदा घटनेत बसत नसेल तर कोर्ट तो रद्द करू शकतं. राजाच्या जागी निवडलेला राष्ट्रपती. अस्पृश्यता पाळणं हाच गुन्हा ठरवणारं सतरावं कलम. हे शेवटचं महाडच्या तळ्यातून आलंय, लंडनहून नाही.

माझी बहीण पेडण्यात दिली आहे, म्हणून एक गोव्याची गोष्ट. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज. त्यांनी १८२२ पासूनच गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत घेतले होते, म्हणजे आपल्या कौन्सिलांच्या कितीतरी आधी. पण ते मूठभरांपुरतं राहिलं आणि सालाझारच्या राजवटीत तेही गुदमरलं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडली गेली आणि बांदोडकर मुख्यमंत्री झाले. म्हणजे तिथली सभागृहाची रीत आपल्याकडून गेली. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा मात्र अजून आहे, बहिणीच्या लग्नाची नोंद त्याच रीतीने झाली. दोन वेगळे राज्यकर्ते, आणि दोन्हीकडे टिकली ती दप्तरं.

आमची कचेरी उघडायला फार उशीर लागला. माहितीचा अधिकार २००५ साली आला. आमच्याकडे सुरुवातीला आलेल्या अर्जांत एक होता शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा. त्याच्या वरकस जमिनीच्या फेरफाराला वर्षानुवर्षं कोणी दाद दिली नव्हती, आणि त्यात आमच्या टेबलाचाही दोष होता. त्याला नक्कल नको होती, मूळ फाइल पाहायची होती. कायद्याने तो हक्क होता. मी त्याला टेबलाच्या माझ्या बाजूला खुर्ची दिली आणि गाठ सोडून दप्तर पुढे ठेवलं. त्याने चष्मा पुसला, आणि एकेक पान अंगठ्याने उलटत आपल्या बापाचं नाव शोधायला लागला.