यादीत साखर कुठाय?

ताई, तुमची पोस्ट दुपारी डब्याच्या वेळी वाचली आणि हातातला घास हातातच राहिला. कोपरखैरणे, आई बहात्तर वर्षांच्या, सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन (तीस टक्के झटपट, सत्तर टक्के संथ), आणि पावसाळ्यात तीन दिवस बाहेर पडता आलं नाही तर घरात काय भरून ठेवायचं, हा तुमचा प्रश्न. यादीत ओट्स, बदाम, फुटाणे, 'डायबेटिक' बिस्किटं, भाजलेली जवस. खाली अभिमानाने लिहिलंय, "साखरेचा कणही घरात ठेवत नाही." हीच यादी २०१९ साली माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती. म्हणून लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत काम करते. सासऱ्यांची शुगर सतरा वर्षं सांभाळली, तेवढाच अधिकार. डोसचं जे काही खाली येईल ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आम्ही तेव्हा विटाव्याला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. तिथला रेल्वेखालचा रस्ता जोराचा पाऊस झाला की भरतो हे तुम्हा ऐरोलीकडच्या लोकांना सांगायला नको. ३ आणि ४ ऑगस्ट, शनिवार-रविवार. शनिवारी रात्रीची गोष्ट. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, मी रोजच्यासारखं पावणेआठला इंजेक्शन दिलं. जेवण अर्ध्या तासाने, हा नेम. कुकर लावला आणि खालून आरडाओरडा. तळमजल्यावर पाणी शिरलं होतं, मीटरच्या खोलीत पाणी म्हणून वीज बंद केली. खालचं बिऱ्हाड आमच्याकडे वर आलं: नवरा-बायको, दोन पोरं आणि त्यांच्या आजी. आजींच्या हातात एकच प्लास्टिकची पिशवी, त्यात त्यांचे देव.

चार माणसांची खिचडी आणि जेवायला नऊ. पोरं भिजलेली, भुकेली. जेवणं सुरू व्हायलाच दहा वाजले. अण्णा जुन्या वळणाचे. पाहुण्यांची पोरं उपाशी आणि आपण जेवायचं हे त्यांना जमणारच नाही. त्यांनी ताटली पोरांकडे सरकवली आणि म्हणाले, "मला नको गं, माझे फुटाणे आहेत की." मी कौतुकाने मूठभर फुटाणे आणि दोन ती बिस्किटं दिली. शुगर वाढणार नाही म्हणून मनातल्या मनात खूशही झाले! पोटात पूर्ण जेवणाचं इन्सुलिन गेलंय, आणि वर मूठभर फुटाणे. हे गणित मला तेव्हा दिसलंच नाही.

रात्री दीडला न्हाणीघरात तांब्या पडल्याचा आवाज. अण्णा खाली बसलेले, अंग घामाने थबथबलेलं, डावा हात विचित्र वाकलेला. टॉर्च तोंडात धरून ग्लुकोमीटर लावला. ४८. शुद्धीत होते, पण मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होते.

साखर आण, नवरा ओरडला. कुठून आणू? घरात साखर नाही, गूळ नाही, मध नाही. मीच सगळं काढून टाकलेलं. देवासमोर नैवेद्यालासुद्धा मी बदाम ठेवायचे. घाबरलेल्या माणसाचा हात नेहमीच्या जागी जातो. माझा गेला चहाच्या फळीवरच्या त्या बिनसाखरेच्या गोळ्यांच्या डबीवर. सहा गोळ्या टिकटिक करत पेल्यात पाडल्या, ढवळल्या, अण्णांना पाजल्या. गोड लागतंय म्हणजे साखर, एवढंच डोक्यात. पंधरा मिनिटांनी मोजली तर ४४. त्या गोळ्यांनी जीभ गोड होते, रक्तातली साखर तसूभर वर येत नाही. एरवी हे मला पाठ होतं, लोकांना सांगायचे मी. त्या रात्री आठवलं नाही.

शेवटी खालच्या आजी उठल्या. देवांच्या पिशवीतून एक डबी काढली, त्यात खडीसाखर. खडे विरघळायला वेळ लागतो म्हणून त्यांनी आमच्याच खलबत्त्यात कुटले, कोमट पाण्यात घातले, आणि चमच्या-चमच्याने पाजत राहिल्या. अर्ध्या तासाने ८१. मग दूध पाजलं. डावं मनगट मोडलेलं होतं, पण रस्त्यावर कमरेएवढं पाणी, सकाळी साडेदहापर्यंत हात ओढणीत बांधून बसवलं. हाड दीड महिन्यात जुळलं. पण त्यानंतर अण्णा एकटे कट्ट्यावर गेले नाहीत, कुणीतरी सोबत लागायचंच. ते मला आजही लागतं.

म्हणून यादीत पहिली साखर. दुसरं काही नाही ठेवलं तरी चालेल. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर शुगर पडू शकते, आणि अडचणीच्या दिवसांत वाढण्यापेक्षा पडण्याचा धोका लगेचचा असतो, कारण औषध वेळेवर जातं आणि जेवण जात नाही. ७० च्या खाली आली की १५ ग्रॅम झटकन चढणारी साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच. १५ ग्रॅम म्हणजे साधी साखर चहाचे सपाट तीन-चार चमचे, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा साधं कोला दीडशे मिली (डाएटवालं नव्हे, ते माझ्या गोळ्यांचंच भावंड). चॉकलेट, लाडू, पेढा नको. त्यातल्या तुपामुळे, स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. साखर वर आली की झोपायला जाऊ नका. ३०/७० मधला संथ भाग रात्रभर काम करत राहतो, पहाटेपर्यंत दोन-तीनदा मोजावं लागतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आईंच्या गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं आहे का बघा. असेल तर साधी साखर, खडीसाखर लवकर काम करत नाही, कारण ती फोडण्याचं काम ही औषधं आतड्यात मंद करतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. अण्णांना ती गोळी नव्हती म्हणून आजींची खडीसाखर कामाला आली. नाहीतर काय झालं असतं, मला विचार करवत नाही.

ग्लुकोजचा डबा पावसाळ्यात दगड होतो. मी छोट्या बरण्यांत काढून आत चमचा ठेवते. एक अण्णांच्या उशाशी असायची, एक अडीअडचणीसाठी भरून ठेवलेल्या डब्यात, एक पर्समध्ये. त्यावर लाल अक्षरात 'अण्णांची, पोरांनी खाऊ नये' असं लिहिलेलं असायचं. तरी पोरं खायची, तो भाग वेगळा.

आता जेवणाचं. माझं मत जरा कडक आहे. 'डायबेटिक' लिहिलेलं काहीही विकत घेऊ नका. त्या बिस्किटांत बहुतेकदा मैदा असतो, साखर वेगळी घातलेली नसते इतकंच. रोज जे खाऊन आईंची शुगर आटोक्यात आहे तेच, टिकणाऱ्या रूपात ठेवायचं. माझ्या डब्यात एका माणसाचे तीन दिवस असे असतात: थालीपिठाची भाजणी अर्धा किलो, मूगडाळ पाव किलो, कुळथाचं पीठ पाव किलो, फुटाणे, शेंगदाणे, आणि न उघडता फ्रिजशिवाय टिकणाऱ्या दुधाची छोटी पाकिटं सहा. कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं आणि भिजवायला पाणी लागत नाही. मटकी, छोले भिजवत बसायला पाणीही लागतं आणि रात्रही जाते. तुमचा इंडक्शन असेल तर वीज गेल्यावर त्याचा पाट होतो, म्हणून एक छोटा सिलिंडर किंवा पाइपचा गॅस आहे का ते आधी बघा.

साबुदाणा नको. उपासाचा म्हणून हलका समजतात, पण तो निव्वळ पिष्ट. कुरमुरेही तसेच, भसकन शुगर चढवतात आणि तासाभरात पोट रिकामं. पोहे चालतील, पण वाटीने मोजून आणि शेंगदाणे भरपूर घालून. लोणचं-पापडावर तीन दिवस काढायचे नाहीत, बहुतेक शुगरवाल्यांना बीपीही असतंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-शेंगदाण्यांचं माझं सगळं गणित बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

भाज्यांचं म्हणाल तर तुम्ही वाशीच्या मार्केटच्या उंबऱ्यावर राहता, म्हणून वाटतं आपल्याला कधी कमी पडणार नाही. मे २०२० मध्ये तेच एपीएमसी आठवडाभर बंद होतं, आठवतंय ना? लाल भोपळा, कोबी, दुधी, कांदे बाहेर चांगले टिकतात, पालेभाजीच्या मागे लागू नका. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडली तेव्हा दुकानं उघडी होती, बाजार भरलेला होता, फक्त वर टाकीत पाणी चढत नव्हतं. म्हणून प्यायचं पाणी माणशी दहा-बारा लिटर वेगळं.

इन्सुलिन: चालू असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या खाली चालतं. पुडक्यावर नेमकं लिहिलेलं असतं. शिल्लक पेनं एरवी फ्रिजमध्ये, पण वीज बराच वेळ गेली तर हवाबंद डबीत घालून माठाच्या ओल्या वाळूवर ठेवते. बर्फाला टेकवायचं नाही, गोठलं की फेकून द्यावं लागतं. फ्रिज वीज गेल्यावर उघडू नका, बंद दार चार तास तरी गारवा धरतं. स्ट्रिप्सची बाटली दमट हवेत उघडी राहिली की आकडे खोटे येतात. ग्लुकोमीटरचा बटण सेल एक जास्तीचा ठेवा. आमच्या डब्यात तो दोन वर्षं नव्हता, आठवण मुलाने करून दिली.

आणि सर्वात महत्त्वाचा कागद. डॉक्टरांकडून लिहून घ्या: जेवण अर्धंच झालं तर किती युनिट, उलट्या होत असतील तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, कोणत्या नाही. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नसतं, आणि आपल्या मनाने पूर्णही द्यायचं नसतं. माझ्यापुरता नियम केला: एरवी अर्धा तास आधी, पण वादळवाऱ्याच्या रात्री कुकरचं झाकण उघडून वाफ दिसल्याशिवाय सुई काढायची नाही. डॉक्टर हसले, पण कागदावर तसंच लिहून दिलं.

जुलाब झाले तर ओआरएस शुगरवाल्यांना वर्ज्य नाही. डब्ल्यूएचओच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, तेवढं लागतंच. मात्र पुडी घ्या. दुकानातली ती गोड पाकिटं वेगळी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली, यावरून काय ते समजा.

आता थोडं मनातलं. त्या रात्री दोन वाजता मी मदतीच्या नंबरावर फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने नाव, पत्ता, मजला, पाणी किती फूट हे सगळं दोनदा लिहून घेतलं. मी म्हटलं, शुगर पडलीय, अ‍ॅम्ब्युलन्स नाहीतर निदान साखर तरी पोचवा. तो म्हणाला, "मॅडम, जेवणाची पाकिटं सकाळी येतील." आली खरी, साडेदहाला, आम्ही हाडाच्या डॉक्टरकडे निघत असताना. आत तेलकट पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बिस्किटाचा पुडा बघून मला हसू आलं आणि मग रडू. नंतर त्या कार्यालयात जाऊन सांगावं म्हटलं की पाकिटांबरोबर इन्सुलिनवाल्यांची यादी ठेवा, वॉर्डात आशाताईंना घरं माहीत असतात. तीन टेबलं फिरवलं, चौथ्यावर अर्ज द्या म्हणाले. दिला. पोच आहे माझ्याकडे, उत्तर नाही. म्हणून तुमच्या सोसायटीत तुम्हीच करा, लिफ्टजवळ कागद लावा: कुठल्या घरात इन्सुलिनवर कोण आहे. काही जण खाजगी गोष्ट म्हणून नाव देणार नाहीत, त्यांना जबरदस्ती नको. आमच्या आताच्या घोडबंदरच्या सोसायटीत नऊ नावं आली, त्यातली दोन आम्हाला माहीतच नव्हती.

त्या आजी आता पनवेलला मुलीकडे असतात. दसऱ्याला फोन करते तेव्हा विचारतात, "देवासमोर काय ठेवतेस गं?" खडीसाखर ठेवते.

ताई, आईंच्या पट्टीवरची नावं बघून इथेच लिहा. व्होग्लिबोज आहे की नाही तेवढं आधी कळवा, म्हणजे खडीसाखर चालेल की ग्लुकोज पावडरच हवी ते सांगते. मी साधारण साडेनऊनंतर असते, भांडी आवरून.