कोरा चेक, मूळ मार्कशीट आणि मुलाखतीचं बोलावणं

पत्र: मुलगी यंदा बीसीएस झाली. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं तिला पुढच्या गुरुवारी मुलाखतीला बोलावलंय. मेलमध्ये बऱ्याच अटी आहेत. दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं जमा करायची, ती बाँड (ठरावीक मुदतीत नोकरी सोडणार नाही असा करार) संपेपर्यंत कंपनीकडे राहणार. दोन वर्षांच्या बाँडपोटी पालकांचा सही केलेला कोरा चेक द्यायचा. आधारची झेरॉक्स, स्वतःबद्दल दीड मिनिटाचा व्हिडिओ, आणि कंपनीच्या एका ग्राहकासाठी पाच पानांची वेबसाइट तीन दिवसांत करून पाठवायची. शिवाय चार पानी फॉर्म. त्यात वडिलांचं उत्पन्न, भावंडं काय करतात, 'येत्या दोन वर्षांत लग्नाचा विचार आहे का' असं सगळं विचारलंय. हे म्हणतात फसवणूक आहे, जायचंच नाही. मुलगी म्हणते, मैत्रिणींनी असंच दिलंय, नाही म्हटलं तर नोकरी हातची जाईल. मी सोबत गेले तर चालेल का, तेही सांगा.
– एक आई, मिरज

ताई, नमस्कार.

मुलीला मुलाखतीला जाऊ द्या. फक्त मागितलेलं सगळं घेऊन जाऊ देऊ नका.

मेल वाचून ही उघड फसवणूक वाटत नाही. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काही मागितलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर संपवलं असतं. तरीही एकदा खात्री करा. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की नोंदणी कधीची, पत्ता कुठला, ते दिसतं. मेलवरचा पत्ता त्याच्याशी जुळतो का, मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय की साध्या जीमेलवरून, हेही बघा. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर ऑफिसच्या दारावरची पाटी बघून यायला सांगा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता अटींकडे येऊ. अशा वेळी मी मुलांना एकच गोष्ट बघायला सांगतो, की ही मागणी कोणत्या टप्प्यावर आली आहे. मुलाखतीआधी कंपनीला एवढंच ठरवायचं असतं की या उमेदवाराला काम जमेल का. त्यासाठी लागतं ते मागणं रास्त. पॅन, बँक पासबुक, पीएफचं नामनिर्देशन, घरच्यांची नावं हे सगळं लागतंच, पण ऑफर लेटर हातात आल्यावर, रुजू होताना. रुजू होतानाची गोष्ट मुलाखतीआधीच मागितली, तर 'आत्ता का?' हे विचारायचा उमेदवाराला पूर्ण हक्क आहे. त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत.

कोरा चेक मात्र कोणत्याच टप्प्यावर द्यायचा नाही. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण 'नुसता सुरक्षेसाठी असतो, टाकत कुणी नाही' हे वाक्य मी फार ऐकलंय. चेकला लागू होणाऱ्या परक्राम्य दस्तऐवज अधिनियम 1881 च्या कलम 20 नुसार सही करून दिलेला अर्धवट कागद भरायचा अधिकार तो हातात असलेल्याकडे जातो. उद्या आकडा कंपनी घालणार, तारीख कंपनी घालणार. चेक वटला नाही तर त्याच कायद्याचं कलम 138 लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा चेक देणं लागत असलेल्या रकमेपोटीच दिला होता, असं कोर्ट सुरुवातीला गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सही आपल्या खुशीनं केली असेल तर बाकीचा मजकूर दुसऱ्यानं भरला म्हणून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या बाबतीत तर चेक पालकांचा मागितलाय. म्हणजे नोकरी मुलगी सोडणार आणि कोर्टाच्या तारखांना मुलीचे वडील जाणार. मैत्रिणींनी दिले असतील, पण त्यांचे चेक अजून टाकले गेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

बाँडचं तसं नाही. 'बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही करा' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यावर विसंबू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सार्वजनिक बँकेचा असा बाँड ग्राह्य धरला: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख रुपये. नोकरीत असतानाचं बंधन आणि सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करू न देणं, या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. दुसरी गोष्ट करार कायदा 1872 च्या कलम 27 खाली अडते, पहिली अडेलच असं नाही. आकडा अवाजवी असेल तर कलम 74 नुसार कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, पण तिथवर जायची वेळ कशाला आणायची? बाँडचा मसुदा आधी मागवा. रक्कम किती, मुदत कधीपासून मोजणार, काम करू तसतशी रक्कम कमी होते की शेवटच्या महिन्यातही तेवढीच राहते, ट्रेनिंग नेमकं कसलं देणार, आणि कंपनीनंच काढलं तर काय, हे त्यात वाचा. या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली असतील तर तो बाँड विचार करण्याजोगा आहे.

मूळ प्रमाणपत्रांबाबत 'आणा' आणि 'जमा करा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ कागद दाखवायला नेणं रीतसर आहे, सरकारी भरतीतही नेतात. ते ठेवून घेण्याचं मात्र कंपनीला काही कारण नाही. पडताळणी करायची तर ती विद्यापीठाकडून, झेरॉक्सवरून आणि बैठक क्रमांकावरून होते. उद्या मुलीला एमसीएला प्रवेश घ्यायचा झाला किंवा बँकेची परीक्षा पास होऊन कागदपत्र तपासणीला जायचं झालं, तर मूळ मार्कशीट लागणार आणि ती पुण्यात कुणाच्या तरी कपाटात असणार. 'दुसरी प्रत काढू' म्हणाल, तर दुय्यम प्रतीसाठी कागद हरवल्याचं लिहून द्यावं लागतं. कागद हरवलेला नसतो, अडकलेला असतो. म्हणजे खोटं लिहून देणं आलं.

मुलाखतीच्या दिवशी फाइल मुलीच्या मांडीवर असू दे. 'फाइल रिसेप्शनला ठेवा आणि आत या' म्हणाले तरी नाही. 'दोन दिवस ठेवतो, मग कुरिअर करतो' याला तर हसून नाहीच म्हणायचं. डिजिलॉकर या सरकारी ॲपवर दहावी-बारावीचे निकाल मिळतात. तिथून जारी झालेले कागद सरकारी नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. 'तिथून लगेच पडताळून घ्या' असं सांगता येईल.

आधारची झेरॉक्स साधी देऊ नका. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. त्याच्या प्रिंटवर तिरपं लिहायचं: 'फक्त अमुक कंपनीच्या मुलाखतीसाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवर आणि मजकुरावर थोडी चढली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. ओटीपी कुणी मागितला तर तिथेच उठायचं.

व्हिडिओ हल्ली सर्रास मागतात, त्यात वावगं काही नाही. खिडकीसमोर बसून, न वाचता बोलायचं.

वेबसाइटचं काम जरा विचार करून हाताळायला हवं. चाचणी म्हणून घरी काहीतरी करायला देणं या क्षेत्रात नेहमीचंच आहे आणि मला ते लेखी परीक्षेपेक्षा बरं वाटतं. पण चाचणी दोन-चार तासांची असते, सगळ्या उमेदवारांना सारखी असते, आणि त्यातला ग्राहक खोटा असतो. इथे ग्राहक खरा आहे, पानं पाच आहेत आणि मोबदला शून्य. वीस उमेदवारांना अशी पाच-पाच पानं वाटली तर कंपनीचं महिन्याचं काम फुकटात उरकेल! मुलीनं नकार देऊ नये, मात्र काम कापून करावं. पाचातलं एकच पान नीट करायचं, मजकूर आणि फोटो नमुन्याचे घालायचे, खाली स्वतःचं नाव आणि तारीख टाकायची. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) स्वतःच्या खात्यात ठेवायचा आणि कंपनीला बघण्यापुरती लिंक द्यायची. सोबत अर्ध्या पानाची टीप: चार तासांत एवढं केलं, उरलेली पानं अशी केली असती, मोबाइलवर मेन्यू असा दिसला असता, फॉर्मवर ही तपासणी लावली असती. समोरचा खरोखर परीक्षक असेल तर त्याला ही टीप पाच पानांपेक्षा जास्त सांगेल, आणि मुलाखतीत बोलायला विषयही मिळेल. कॉपीराइट कायदा 1957 नुसार असं काम करणाऱ्याचंच असतं, लेखी हस्तांतर केल्याशिवाय ते कंपनीचं होत नाही. पण हे कलम मुलाखतीत सुनावू नका, माहीत असलं की पुरे.

राहिला फॉर्म. असे फॉर्म बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या कंपनीतून उचललेले असतात आणि एचआरनंही ते धड वाचलेले नसतात. वडिलांचा व्यवसाय एका शब्दात लिहायला हरकत नाही. उत्पन्नापुढे आणि भावंडांच्या रकान्यात 'निवड झाल्यास देईन' लिहायचं. लग्नाचा रकाना मोकळा सोडायचा. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं, आता ते 2019 च्या वेतन संहितेत आलंय. तरी हा प्रश्न तोंडी येणार, हे धरून चाला. तेव्हा चिडायचं नाही आणि 'पाच वर्षं तरी नाही' अशी थापही मारायची नाही. 'सर, मी इथे शिकायला आणि टिकायला येतेय. बाँडची मुदत वाचली आहे, त्याबद्दल बोलू या' एवढं बोलून विषय कामावर आणायचा. घरी तुमच्यासमोर चार वेळा म्हणून बघू दे, नाहीतर ऐन वेळी आवाज चिरकतो.

हे सगळं गुरुवारी तोंडी सांगू नका, आधी कळवा. मेल मुलीनंच तिच्या आयडीवरून पाठवायचा, वडिलांनी नाही. इंग्रजीत, पण इतकाच सरळ: 'मुलाखतीच्या संधीबद्दल आभार. गुरुवारी मी येत आहे. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी सोबत असतील आणि पाहून झाल्यावर मी ती परत नेईन. बाँडचा मसुदा कृपया आधी पाठवावा, म्हणजे वाचून येता येईल. कोरा चेक देणं आम्हाला शक्य नाही. चाचणीच्या कामाचा नमुना सोबत जोडला आहे.' यात 'माफ करा' कुठेही नाही, ते मुद्दाम. त्यावर फोन येईल, 'अहो, सगळेच देतात' म्हणतील. मुलीनं शांतपणे म्हणायचं, 'हो मॅडम, हेच मेलवर पाठवाल का? घरी दाखवते.' बऱ्याच अटी लेखी द्यायची वेळ आली की मऊ होतात. चेकवरच अडून बसले आणि मुलाखत रद्द केली, तर ती नोकरी गेली म्हणून रडू नका. हातात चेक आल्यावर त्यांनी काय केलं असतं, ते त्यांनी आधीच दाखवलं.

आपल्यालाही काही मागता येतं, हे मुली विसरतात. मिरजेहून येऊन सकाळी नऊला हजर राहायचं तर रात्रभर प्रवास करावा लागेल. वेळ अकरानंतरची मिळेल का, हे त्याच मेलमध्ये विचारू दे. यावरून उमेदवाराला कुणी बाद करत नाही.

तुम्ही पुण्यापर्यंत जरूर या. ऑफिसच्या इमारतीत मात्र येऊ नका, स्वागतकक्षातही नाही. जवळच्या एखाद्या हॉटेलात चहा घेत बसा आणि फोन चालू ठेवा. चेकबुक मिरजेलाच ठेवून निघा, म्हणजे मुलीला 'आत्ता जवळ नाहीये' असं खरंखरं सांगता येईल.