तिकीट काढायच्या आधी पॉलिसीचं पहिलं पान बघा

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय २९, कळंगुटला एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर असतात, मिस्टर ३२, कुंडईला औषध कंपनीत. हातात येतात दोघांचे मिळून ७३ हजार, त्यातले त्यांचे ४६ आणि हिचे २७. घरी सासूबाई. नवीन घराचं २८ लाखांचं लोन, हप्ता साडेचोवीस हजार. एफडी ३ लाख ६० हजार, आणि बाकी काही नाही.

ताई लिहितात, "सहा वर्षं फॉरेनरांचे पासपोर्ट झेरॉक्स करतेय, सी फॉर्म भरतेय, त्यांच्या पासपोर्टात शिक्क्यांना जागा उरलेली नसते आणि माझ्या पासपोर्टाचं एक पानसुद्धा मळलेलं नाही. एकदा तरी पाठीवर बॅग टाकून तसंच फिरायचंय." प्लॅन असा, की जून-जुलैत ऑफ सीझनला रजा मिळते तेव्हा २२ दिवस, व्हिएतनाममध्ये हनोई, हा जांग, होई आन, हो ची मिन्ह, तिथून बसने कंबोडिया, मग बसनेच बँकॉक आणि शेवटी थायलंडचंच क्रबी. खर्च दोघांचा २ लाख ४० हजार. प्रश्न एवढाच, की एफडी मोडायची का ॲपवर जे प्रीअप्रूव्ड लोन दिसतंय, १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं, ते घ्यायचं? एफडी मोडायला जीव होत नाही म्हणतात.

याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. अडीच लाखांचं लोन तीन वर्षांना घेतलं तर हप्ता साडेआठ हजार आणि व्याज ५७-५८ हजार. एफडी मोडली तर वर्षाला सतराएक हजार व्याज जातं आणि वर थोडी पेनल्टी. तुमच्या ७३ हजारांतून घरहप्ता साडेचोवीस, घरखर्च तुम्हीच लिहिलाय २८, पॉलिसीचे महिन्याला दहा पडतात, उरले दहा. त्यातून साडेआठ गेले की दीड हजारात महिना काढायचा आणि पुढे लगेच चवथ. त्यामुळे लोन नको, फिरायचं तर एफडीतून. पण सगळी एफडी नाही, त्यावर खाली येतो.

आता पत्रात जे विचारलंच नाही ते. शेवटच्या ओळीत ताईंनी सहज लिहिलंय, "लोन घेताना बँकेतल्या मॅडमनी पॉलिसी पण करून दिली, वर्षाला १ लाख २० हजार, पाच वर्षं भरायचे मग डबल होतात, आणि मिस्टरांना काही झालं तर घराचं लोन त्यातूनच फिटतं, त्यामुळे ते टेन्शन नाही." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो. मी तो मोबाइलवर मोठा करकरून बघितला, आधी वाटलं मीच चुकीची ओळ वाचतोय.

ताई, त्या पानावर वरून चौथी-पाचवी ओळ आहे ती तुम्ही स्वतः वाचा. प्रपोजर म्हणून मिस्टरांचं नाव आहे आणि लाइफ अश्युअर्ड म्हणून तुमचं. म्हणजे पैसे भरणार ते आणि विमा तुमच्या जिवाचा. मिस्टरांना उद्या काही झालं तर या पॉलिसीतून लोन फेडायला एक रुपया मिळणार नाही. त्याच्याच खाली विमा रक्कम लिहिलीय १२ लाख, लोनचे अजून साडेसव्वीस लाख बाकी आहेत, म्हणजे नाव बरोबर असतं तरी निम्मं लोन पण फिटलं नसतं. आणि त्याच्या बाजूच्या रकान्यात पॉलिसी टर्म २०, प्रीमियम पेइंग टर्म १२. पाच कुठेच नाही. बारा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी मिळणार.

टेन्शन नाही म्हणून जे लिहिलंय ना, तेच सगळ्यात मोठं टेन्शन आहे. घरातला जास्त कमावणारा माणूस, ज्याच्या पगारावर बँकेने लोन दिलं, त्याच्या जिवावर आज शून्य विमा आहे. आणि हा माणूस रोज डिचोली ते कुंडई बाइकने जातो, पावसातसुद्धा.

"डबल" चं पण बघू. बारा वर्षांत तुम्ही भरणार १४ लाख ४० हजार. तुम्ही दुसरा फोटो पाठवलाय त्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्के धरून आणि एक ८ टक्के धरून. मॅडमनी पेनने गोल केलाय तो ८ वाला, विसाव्या वर्षी २८ लाख. बाजूच्या ४ वाल्यात १६ लाख. हे दोन्ही नुसते धरलेले आकडे आहेत, यातल्या एकाचीही लेखी हमी नाही. आणि ८ टक्के म्हणजे तुमच्या हातात ८ टक्के नव्हेत, कमिशन-खर्च वजा होऊन तुमच्या पैशावर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. ४ वाल्या रकान्यात तर वर्षाला एक टक्का पण धड सुटत नाही. १४ चे २८ ऐकायला डबल वाटतं खरं, पण वीस वर्षांत डबल करायला कुणाची हुशारी लागत नाही, पोस्टातसुद्धा होतात.

टॅक्स वाचतो असं पण सांगितलं असणार, तेही सोडा. तुमच्या पगारांवर नवीन पद्धतीत टॅक्स बसतच नाही, १२ लाखांपर्यंत शून्य आहे, तिथे ८० सी ची पावती घेऊन काय करणार.

आणि लोन पाहिजे तर पॉलिसी घ्यावीच लागते ही थाप मी फोंड्यात ऑफिसात बसून महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. अशी सक्ती करताच येत नाही. पण लोन मंजूर व्हायच्या दिवशी, समोर साठ-सत्तर सह्यांचा गठ्ठा असताना कोण विचारणार? त्या गठ्ठ्यात हा एक फॉर्म सरकवायचा आणि "इथे सही, इथे पण सही". विमा तुमच्या नावावर का काढला ते मला ठाऊक नाही, बायकोचं वय कमी म्हणून असेल किंवा मिस्टरांची मेडिकल टाळायची म्हणून असेल. दोन्हीत सोय विकणाऱ्याची.

आता करायचं काय, तर क्रम महत्त्वाचा. आधी मिस्टरांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, एक कोटीचा, वयाच्या साठीपर्यंत. बिडी-सिगरेट नसेल तर वर्षाला १२ ते १५ हजारांत येतो, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. मेडिकल होईल, रक्त-लघवी तपासतील, होऊ दे. फॉर्ममध्ये बीपी, शुगर, दारू जे असेल ते खरं लिहायचं, एजंटला भरायला द्यायचं नाही. ती पॉलिसी हातात आली की मग तुमचा स्वतःचा ४०-५० लाखांचा टर्म, तुमच्या पगाराशिवाय पण घर चालत नाही. हे दोन्ही झाल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावायचा, आज आहे तो १२ लाखांचा विमा तरी मधल्या काळात तुमच्या नावावर राहू दे.

जुन्या पॉलिसीचे तीन हप्ते गेलेत, ३ लाख ६० हजार. आज सरेंडर केली, म्हणजे मधेच मोडली, तर साधारण ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास हातात येतील. हो, दोन लाख तीस-पस्तीस हजार बुडाले. राग येणारच, मला पण आला. पण पुढचे नऊ हप्ते, १० लाख ८० हजार, अजून तुमच्याच खिशात आहेत, बघायचं त्यांच्याकडे. ते पैसे आणि हा सव्वा लाख पीपीएफसारख्या ठिकाणी ७ टक्क्यांनी राहिले तर त्याच विसाव्या वर्षी ३० लाखांच्या आसपास होतात. म्हणजे नुकसान सोसून सुद्धा त्यांच्या आशेच्या रकान्याच्या पुढे. टर्मचे वर्षाचे पैसे त्यातून वजा केले तर आकडा त्यांच्या आशेच्या रकान्याच्या थोडा खाली येईल हे मान्य, पण इकडे दीड कोटीचा विमा आहे आणि तिकडे १२ लाखांचा. थोडे म्युच्युअल फंडात टाकलेत तर फरक वाढेल, तो विषय नंतर, आधी हे निस्तरू.

दुसरा पर्याय पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी तशीच ठेवायची आणि विसाव्या वर्षी साधारण ३ लाख अधिक जमलेला बोनस घ्यायचा. हिशेबात कुठलं बरं ते बोनस किती जमलाय त्यावर आहे. पण सरेंडरचा आकडा बघून हात थरथरत असतील तर पेड-अप करा, चालेल. डिसेंबरमध्ये चौथा हप्ता भरायचा नाही हे मात्र पक्कं. कंपनीकडून दोन्हीचे आकडे लेखी मागून घ्या, तोंडी नको.

तक्रार करायची असेल तर जरूर करा, आधी कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी, मग विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. पण पूर्ण पैसे परत मिळतील असं धरून बसू नका. पॉलिसी हातात आल्यावर परत करायला जी मुदत असते ती कधीच संपली आणि प्रत्येक पानावर तुमच्या सह्या आहेत.

आता ट्रिप. जा. मला कंजूष समजू नका, सहा वर्षं दुसऱ्याचे पासपोर्ट झेरॉक्स करणाऱ्या बाईला मी घरी बस म्हणणार नाही. पण तुमच्या बजेटात तीन गोष्टी खटकल्या.

कॅमेरा ४५ हजार, आणि तो तुम्ही "गुंतवणूक" या सदरात लिहिलाय, कारण यूट्यूबवर व्हिडिओ टाकून महिन्याला दहा हजार येतील. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलेले लागतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ लोकांनी २४ हजार वेळा शेवटपर्यंत बघायला पाहिजे, तेव्हा खातं उघडणार, पैसे त्याच्यापुढे. मोबाइलवर शूट करा. त्या दहा हजारांवर काट मारा.

दुसरं म्हणजे मार्ग. कंबोडियातल्या सिएम रीप ते बँकॉक बसचे प्रत्येकी दीड हजार धरलेत. २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडियात गोळीबार झाला आणि जमिनीवरची नाकी बंद पडली, अशा बसवर बजेट उभं करायचं नाही, विमानाचे धरायचे आणि मग हिशेब पार बदलतो. तिथल्या अंकोरच्या देवळांचं तिकीट तर धरलेलंच नाही, तीन दिवसांचा पास माणशी ६२ डॉलर, दोघांचे अकरा हजारांच्या वर. आणि जुलैत क्रबी कशाला? तो पश्चिमेचा किनारा, आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच खवळलेला समुद्र. लाल बावटे कळंगुटला फुकट बघायला मिळतात. उलट दानांग-होई आनला त्या दिवसांत कोरडं असतं. पहिल्यांदाच जाताय तर नुसतं व्हिएतनाम करा, १६ दिवस, वर-खाली आरामात. विमान ७५ हजार, रोजचे साडेतीन हजार धरून ५६, आतल्या ट्रेन-बस १५, ई-व्हिसा माणशी २५ डॉलर म्हणजे दोघांचे साडेचार, ट्रॅव्हल इन्शुरन्स चार, आणि पंधरा हजार अडीअडचणीला. झाले एक लाख सत्तर. एफडीत एक लाख नव्वद राहतात, साडेतीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता. कमीच आहे, पण पॉलिसीचे दहा हजार वाचायला लागले की भरून येईल. सरेंडरचे पैसे आले तर ते ट्रिपमध्ये घालायचे नाहीत.

तिसरं, ट्रॅव्हल इन्शुरन्स तुम्ही चक्क काटलाय, "दीनदयाळचं कार्ड आहे" म्हणून. ताई, ते गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं अडीच लाखांचं कार्ड यादीतल्या हॉस्पिटलांत चालतं, हनोईत नाही चालत. आणि हा जांगला मिस्टर बाइक भाड्याने घेणार असं लिहिलंय. आपण दर सीझनला बघतो ना, रेंट-अ-बाइकवरून पडून गुडघ्याला पट्टी आणि कोपराला आयोडीन लावून बीचवर बसलेले टुरिस्ट, तिकडे ते टुरिस्ट आपण असतो. भारतात मिळणारं इंटरनॅशनल लायसन्स १९४९ च्या करारातलं, व्हिएतनाम १९६८ चं मागतं. म्हणजे मिस्टर कितीही चांगली चालवत असले तरी कागदावर बिनलायसन्सचे, आणि मग विमा कंपनी क्लेम देत नाही. तिथे स्थानिक पोरं बाइक चालवतात आणि तुम्ही मागे बसता, ते घ्या, पैसे जास्त लागतील. विमा नसलेला, लोन असलेला माणूस घाटातल्या वळणावर परक्या बाइकवर, ही कल्पना मला तरी सहन होत नाही.

किरकोळ दोन-तीन. क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, ८० हजार खर्चलेत तर तीन हजारांच्या वर असेच जातात, मार्कअप नसलेलं कार्ड बघा. मशीन रुपयांत का डोंगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, विचारेल, डोंग दाबायचं. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या, एक सत्तरेक रुपयांची आणि दुसरी सतराशेच्या आसपास, अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा. सोमवारी शिवराक असतं म्हणून विचारलंय ना, तर पाटीवर 'चाय' दिसलं की आत शिरा, तिकडे चाय म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे.

तिकिटं जूनची काढायची आहेत, म्हणजे टर्मचं काम उरकायला वेळ आहे. या आठवड्यात फॉर्म भरा, आणि मिस्टरांच्या मेडिकलची तारीख मिळाली की मला कळवा. विमानाचं बुकिंग त्याच्यानंतर.