वाचक विचारतात: रॅले-डरहॅममध्ये एका गाडीवर भागेल का?

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले, डरहॅम, चॅपल हिल या ट्रायँगल परिसरातून आणि तिकडे निघालेल्या कुटुंबांकडून या वेळी बसविषयीची पत्रं बरीच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझी नोकरी डरहॅमला ड्यूकच्या हॉस्पिटलमध्ये आणि यजमानांची रिसर्च ट्रायँगल पार्कमध्ये. गाडी एकच घ्यायची असं ठरवलंय. अपार्टमेंट घेण्याआधी बसच्या दृष्टीने काय पाहायचं?
— एक वाचक, सध्या पुणे

उत्तर: आधी गाडी कोणाकडे राहणार ते ठरवा. आमच्या मते ती पार्कमध्ये जाणाऱ्याकडे असावी. १९५९ मध्ये आखलेला हा पार्क, म्हणजे कंपन्यांची वसाहत, सुमारे ७,००० एकरांवर पसरला आहे. कंपन्यांच्या इमारती झाडीत, मुख्य रस्त्यापासून आत. बस थांब्यावर सोडते, पण थांब्यापासून ऑफिसच्या दारापर्यंतची चाल अनेक ठिकाणी अर्धा मैल किंवा जास्त भरते आणि वाटेत फुटपाथ असेलच असं नाही. ड्यूकचं हॉस्पिटल मात्र शहरात आहे आणि तिथे बस थेट जातात. गो-ट्रायँगल ही इथल्या शहरांना जोडणारी बससेवा. तिची डरहॅम ते चॅपल हिल धावणारी ४०० क्रमांकाची बस ड्यूक आणि व्हीए (माजी सैनिकांचं) या दोन्ही हॉस्पिटलांवरून जाते. तेव्हा घर तुमच्या बसच्या हिशेबाने शोधा आणि यजमानांना गाडीने वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या.

अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्या लीझिंग ऑफिसमध्ये "बस अगदी समोरून जाते" असं सांगतील. ते खरंही असेल, पण तेवढ्याने काही कळत नाही. खरा प्रश्न असतो दर किती मिनिटांनी जाते हा. १५ मिनिटांनी येणाऱ्या बससाठी, वेळापत्रक न बघता गेलात तरी, सरासरी सात-आठ मिनिटं थांबावं लागतं. तासाला एक असेल तर तीच सरासरी अर्ध्या तासावर जाते. त्यात मध्ये बस बदलायची असली आणि दुसरीही तासाची असली, तर पहिली पाच मिनिटं उशिरा आल्यावर तुमचा अख्खा तास जाऊ शकतो. म्हणून बस बदलावी लागणार नाही असं घर मिळत असेल, तर त्यासाठी भाडं थोडं जास्त गेलं तरी द्यावं असं आम्ही ठामपणे सांगू.

तपासायची रीत अशी. गूगल मॅप्सवर घराचा पत्ता आणि हॉस्पिटल टाकून ट्रान्झिट निवडा आणि तीन वेगवेगळ्या वेळा टाकून बघा: मंगळवारी सकाळी कामावर हजर व्हायची वेळ, मंगळवारी रात्री ड्यूटी सुटायची वेळ आणि रविवारी सकाळी हजर व्हायची वेळ. हॉस्पिटलची पाळी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ अशी असेल, तर रविवारी ७ च्या आत पोहोचवणारी बस आहे का हा सगळ्यांत अवघड पेपर. रविवारी बस उशिरा सुरू होतात आणि लवकर संपतात. तिथे नापास होणारं घर आठवड्याचे सहा दिवस उत्तम वाटेल आणि सातव्या दिवशी उबरचा खर्च पडेल. तो खर्च आधीच महिन्याच्या हिशेबात धरून मग भाड्यांची तुलना करा.

त्यानंतर स्ट्रीट व्ह्यूमध्ये घरापासून थांब्यापर्यंत "चालत" जा. पाव मैल म्हणजे साधारण पाच मिनिटं. नवख्या माणसाच्या हमखास लक्षात येत नाही ते परतीच्या थांब्याचं. सकाळचा थांबा घराच्या बाजूला असतो, म्हणजे संध्याकाळचा रस्त्यापलीकडे. तो रस्ता पाच-सहा लेनचा असेल आणि सिग्नल चारशे मीटरवर असेल, तर रोज रात्री तेवढं उलट चालून यावं लागेल. मधूनच रस्ता ओलांडायची सवय लावून घेऊ नका. तिथे गाड्या ताशी ४५ मैलांनी येतात.

आणि बस शेवटून दुसरी धरायची. शेवटच्या बसवर बेत आखला की ती रद्द झाल्यावर हातात काही उरत नाही.

प्रश्न: बस वेळेच्या आधीच निघून जाते. वेळापत्रकात ७:४२ आणि मी ७:४१ ला थांब्यावर, तरी चुकते. असं का?
— एक वाचक, डरहॅम

उत्तर: छापील वेळापत्रकात मार्गावरच्या सगळ्या थांब्यांच्या वेळा नसतात, फक्त काही ठरावीक थांब्यांच्या असतात. चालकाने त्या थांब्यांवरून वेळेआधी निघायचं नसतं. मधल्या थांब्यांची वेळ मात्र अंदाजाने काढलेली असते आणि रस्ता मोकळा असेल तर बस तिथून दोन-तीन मिनिटं आधी जाऊ शकते. तुम्ही मधल्या थांब्यावर असाल, तर आधीच्या ठरावीक थांब्याची वेळ पाहा आणि त्या हिशेबाने पाच मिनिटं लवकर उभे राहा. फोनवर बसची जागा दिसते, तीही बघत चला. पण नकाशावरची बस थोडी मागे दाखवली जाते. "दोन मिनिटांवर" म्हणजे निघा.

दुसरं कारण अंधाराचं. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुष्कळ थांब्यांना शेड नाही, दिवा नाही, नुसता खांब आणि पाटी. गडद जॅकेट घालून खांबापासून लांब उभ्या असलेल्या माणसाला चालक पाहूच शकत नाही. खांबाजवळ उभे राहा, बस दिसली की हात करा, अंधार असेल तर फोनचा टॉर्च जमिनीकडे धरून हलवा. चालकाच्या डोळ्यांवर मारू नका.

सुट्टीचं कॅलेंडर डोळ्यांखालून घाला. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला बहुतेक बस बंद असतात. चॅपल हिलमध्ये विद्यापीठाला सुट्टी लागली की फेऱ्या कमी होतात, आणि फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी मार्ग वळवतात. बर्फ किंवा बर्फाळ पाऊस पडला की वेगळे मार्ग लागू होतात किंवा सेवा थांबते. वर्षातून एखाद-दोन वेळाच होतं, पण त्या दिवशी घरून काम करायची सोय आधी मागून ठेवलेली बरी.

प्रश्न: सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. आम्ही दोघंही कामावर. दिवसभर घरात कोंडल्यासारखं होतं त्यांना. मॉरिसव्हिलमध्ये ते स्वतः कुठे जाऊ शकतील का? सासऱ्यांचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, मॉरिसव्हिल

उत्तर: हो, आणि जरूर जाऊ द्या. मॉरिसव्हिल नगराची स्मार्ट शटल ही सेवा ऑक्टोबर २०२१ पासून आहे. तिला तिकीट नाही. ती घराच्या दारात येत नाही आणि ठरावीक मार्गानेही फिरत नाही. गावभर नेमलेले थांबे आहेत आणि त्यांपैकी एकावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी ॲपवर किंवा फोनवर मागणी नोंदवायची. पहिल्या वेळी शनिवारी तुम्ही बरोबर जा: घराजवळचा थांबा, बागेजवळचा आणि दुकानांजवळचा असे दोन-तीन थांबे पायी दाखवा आणि त्यांची नावं इंग्रजीत आणि मराठीत कागदावर लिहून पाकिटात ठेवा. सासूबाईंच्या फोनवर ॲप लावून दोन फेऱ्या त्यांच्याच हातून नोंदवून घ्या.

शटलचा एक थांबा गो-ट्रायँगलच्या रीजनल ट्रान्झिट सेंटरवर आहे. तिथून रॅले, डरहॅम, चॅपल हिलच्या बस मिळतात.

बसमध्ये चढताना चालकाला "रॅम्प, प्लीज" एवढंच सांगायचं. बस एका बाजूला खाली झुकते किंवा पट्टी बाहेर येते. व्हीलचेअर नसली तरी मागता येतं, संकोच करू नये. थांबा आला की खिडकीजवळची दोरी ओढायची, आणि बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही.

संघीय कायद्यानुसार ६५ वर्षांवरच्यांना गर्दी नसलेल्या वेळेत निम्म्याहून जास्त भाडं लावता येत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचा फोटो जवळ असू द्या.

गुडघ्यांमुळे थांब्यापर्यंत चालणं खरंच शक्य नसेल, तर अपंगांसाठीच्या घरपोच सेवेची चौकशी करा. तिचे नियम देशभर एकच आहेत: ठरावीक मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या पट्ट्यात ती द्यावीच लागते, आदल्या दिवशी नोंदवली तर दुसऱ्या दिवशी मिळायला हवी, आणि भाडं साध्या बसच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनाही ती मिळते, पण ३६५ दिवसांत २१ दिवसांपुरती. ते २१ दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवा. पुढेही लागणार असेल तर रीतसर अर्ज करावा लागेल. पूर्ण भरलेल्या अर्जावर २१ दिवसांत निर्णय आला नाही, तर निर्णय होईपर्यंत सेवा द्यावीच लागते. डॉक्टरांचं पत्र भारतातूनच इंग्रजीत आणलेलं असेल तर काम सोपं होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी दोघांकडून घटवून घ्या. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं. आयुष्यभराची सवय उलट आहे. शिवाय लाल दिव्यावरही गाड्यांना उजवीकडे वळायची मुभा असते, म्हणून चालणाऱ्याचा दिवा लागला तरी वळणाऱ्या गाडीच्या चालकाशी नजर भेटल्याशिवाय पाऊल टाकू नये.

प्रश्न: तिकिटाचा गोंधळ होतो. कुठे फुकट, कुठे पैसे?
— एक वाचक, कॅरी

उत्तर: चॅपल हिल ट्रान्झिटला २००२ पासून तिकीट नाही. डरहॅममध्ये २०२० साली तिकीट बंद झालं. रॅलेची गो-रॅले आणि शहरांना जोडणारी गो-ट्रायँगल यांनी जुलै २०२४ पासून पुन्हा भाडं घ्यायला सुरुवात केली: गो-रॅलेला सव्वा डॉलर, गो-ट्रायँगलला अडीच. पेटीत सुटे पैसे परत मिळत नाहीत. तिकिटासाठी उमो ॲप किंवा कार्ड घ्या. आणि कंपनीत विचारा, कारण अनेक मोठ्या संस्था गो-पास हा बसचा पास स्वतःच्या खर्चाने देतात. तो नसेल तर प्रवासखर्च पगारातून करापूर्वी कापून घेता येतो. २०२५ साठी त्याची मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर होती.

प्रश्न: वाणसामान बसने कसं आणायचं? सायकल बसवर नेता येते असं ऐकलं.
— एक विद्यार्थी, चॅपल हिल

उत्तर: जड सामान महिन्यातून एकदा, हलकं आठवड्याला. कणकेची २० पौंडांची पिशवी म्हणजे ९ किलो. ती हातात धरून थांब्यावर उभं राहू नका. दोन चाकांची घडीची ट्रॉली घ्या आणि पीठ तळाशी ठेवा, म्हणजे बस वळताना ती कलंडत नाही. कणीक, तांदूळ, तेल एवढ्यासाठी मित्रमंडळींत एक गाडी ठरवून घेतलीत तर बाकीचं बसने सहज होतं.

सायकलची मांडणी बसच्या पुढच्या बाजूला असते. बस थांबली की आधी चालकाला दिसा आणि खूण करा, मग पुढे जा. मांडणीची मूठ दाबून ती खाली ओढा, सायकल उचलून दोन्ही चाकं खाचांत बसवा, स्प्रिंगचा आकडा पुढच्या चाकावर ओढून घ्या. आकडा चाकाला धरायचा, फ्रेमला किंवा मडगार्डला नाही. नाहीतर खड्ड्यात सायकल उसळते. पाण्याची बाटली, पंप, सुटा दिवा आधी काढून घ्या. उतरताना पुढच्या दारानेच उतरा आणि "सायकल काढतोय" असं सांगूनच पुढे जा. सायकल काढल्यावर मांडणी रिकामी असेल तर वर ढकलून बंद करा. इलेक्ट्रिक सायकल जड असते. मांडणीची वजनाची मर्यादा विचारून घ्या.

प्रश्न: दुसरी गाडी विकायची ठरवली आहे. काही काळजी?
— एक वाचक, एपेक्स

उत्तर: क्रम चुकवू नका. नॉर्थ कॅरोलायनात नंबर प्लेट तुमच्या नावावर असेपर्यंत विमा चालू असावा लागतो. आधी प्लेट डीएमव्हीकडे (राज्याच्या वाहन खात्याकडे) जमा करा, पावती घ्या, आणि त्यानंतरच विमा कंपनीला कळवा. उलटं केलंत तर विम्यात खंड पडल्याची नोटीस येते आणि पहिल्या वेळेचा दंडच ५० डॉलर आहे. प्लेट गाडीवर ठेवून ती खरेदीदाराला देऊ नका. एकही गाडी राहणार नसेल आणि अधूनमधून भाड्याने घेणार असाल, तर गाडी नसलेल्या चालकासाठीची स्वतंत्र पॉलिसी मिळते. तिच्याने विम्याचा इतिहास सलग राहतो.

आणि विकण्याआधी गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये ठेवून बसने जाऊन बघा. त्या दोन आठवड्यांत एक रविवार आणि एक पावसाचा दिवस यायला हवा.