नवा कोच आल्यावर टीम आधीपेक्षा जास्त हरली, तरी मालक त्याला काढत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत आल्यापासून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग बघताय, तुमच्या टीमला नवा कोच मिळाला, आणि टीम आधीपेक्षा वाईट खेळून बसली. मग त्याला नारळ का देत नाहीत?

बाकीच्या टीमचं मला विचारू नका. मी डेट्रॉईटजवळ राहतो, त्यामुळे माझ्या नशिबी इथली टीम, लायन्स. या टीमने २००८ साली १६ पैकी १६ गेम हरून दाखवले होते. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बघ, पण जीव लावू नकोस."

२०२१ च्या जानेवारीत लायन्सनी डॅन कॅम्बेलला कोच केलं. साडेसहा फुटाला एखादा इंच कमी असेल एवढा धिप्पाड गडी, स्वतः एके काळी लायन्सकडूनच खेळलेला. पहिल्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला की आम्हाला खाली पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. देशभर हसं झालं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्यात बारा वर्षं टीम ओढणाऱ्या मॅथ्यू स्टॅफर्डला रॅम्स या टीमकडे देऊन टाकलं. बदल्यात आला जॅरेड गॉफ, म्हणजे रॅम्सना नकोसा झालेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीमचा सूत्रधार), आणि सोबत पुढच्या वर्षांतले ड्राफ्टचे हक्क. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातली नवी पोरं निवडणं, त्यात तळाच्या टीमला आधी संधी. त्याच सिझनला स्टॅफर्ड तिकडे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल जिंकला. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

आदल्या वर्षी लायन्स ५-११ होते, म्हणजे पाच विजय, अकरा पराभव; तिसरा आकडा असला तर तो बरोबरीचा. कॅम्बेलच्या पहिल्या वर्षी झाले ३-१३-१. कागदावर बघितलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण ते तेरा पराभव बघणं हा वेगळाच प्रकार होता. सप्टेंबरात रेव्हन्सविरुद्ध लायन्स एका पॉइंटने पुढे होते. बॉल स्वतःकडे ठेवायला रेव्हन्सना चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात १९ यार्ड हवे होते, त्यांनी ३६ काढले. मग त्यांच्या जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून किक मारली. एवढ्या लांबून तोवर एनएफएलमध्ये कुणीच फील्ड गोल (किकने बॉल खांबांमधून आडव्या दांड्यापलीकडे, तीन पॉइंट) केला नव्हता. बॉल आडव्या दांड्यावर आपटला, उंच उडाला आणि पलीकडे पडला. १९-१७. त्याच्या आधीच्या प्लेला बॉल खेळायला दिलेला वेळ संपूनही पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती, ते आठवलं की अजून डोकं तापतं. दोन आठवड्यांनी वायकिंग्जनी शेवटच्या क्षणी ५४ यार्डांची किक मारली, पुन्हा १९-१७. त्या दिवशी कॅम्बेल पत्रकारांसमोर रडला. पुढे पिट्सबर्गला भर पावसात १६-१६ अशी बरोबरी झाली. आम्ही ती जिंकल्यासारखी मिरवली.

थँक्सगिव्हिंगला शेजाऱ्यांकडे जेवायला होतो. लायन्स त्या दिवशी दरवर्षी खेळतात, १९३४ पासूनची रीत आहे. बेअर्सविरुद्ध १४-१३ अशी आघाडी होती आणि शेवटची आठेक मिनिटं बेअर्सनी बॉल सोडलाच नाही. त्यात आपल्या लोकांनी लागोपाठ दोन टाइमआउट घेऊन पाच यार्डांचा दंड ओढवून घेतला. हा कॅम्बेलचा चक्क गलथानपणा. शेवटची किक यायच्या आधीच शेजारी उठले आणि स्वयंपाकघरात टर्की कापायला गेले. टीव्हीकडे वळूनही बघितलं नाही. किक आत गेली, १६-१४. आतून सुरीचा आवाज चालूच होता.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. कॅम्बेलच्या आधी मॅट पॅट्रिशिया कोच होता. २०१९ मध्ये, म्हणजे त्याच्या दुसऱ्या वर्षी, रेकॉर्ड होता ३-१२-१. जवळजवळ तोच आकडा. पण ती टीम सुरुवातीला ३-३-१ होती आणि नंतर सलग नऊ गेम हरली. मध्येच स्टॅफर्ड जखमी झाला हे मान्य, तरी उतार तो उतारच. कॅम्बेलची टीम ०-१०-१ वर होती आणि मग शेवटच्या सहातल्या तीन जिंकली. पहिला विजय ५ डिसेंबरला, वायकिंग्जविरुद्धच. गेमचा अगदी शेवटचा प्ले, गॉफचा ११ यार्डांचा पास, आणि अमन-रा सेंट ब्राउन हा ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत उचललेला पोरगा टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे, सहा पॉइंट) घेऊन मोकळा. २९-२७. त्याच आठवड्यात इथल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार होऊन चार मुलं गेली होती. गेमचा बॉल कॅम्बेलने त्या गावाच्या नावे केला. नंतर कार्डिनल्सना ३०-१२ हाणलं. शेवटी पॅकर्सनाही हरवलं, पण त्यांनी अर्ध्या वेळेनंतर त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकला, ॲरन रॉजर्सला, बाहेर बसवलं होतं, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको.

म्हणजे मालक नुसता रेकॉर्ड बघत नाहीत. निदान शहाणे मालक बघत नाहीत. नोव्हेंबरात, सगळं संपलेलं असताना, पोरं कोचसाठी धावतायत की घरी जायची वाट बघतायत, हे बघतात. दुसरं असं की टीम मुद्दाम मोडून नव्याने उभी करायची ठरली असेल, तर पहिलं वर्ष खड्ड्यात जाणार हे कोच नेमतानाच ठाऊक असतं. म्हणून तर कॅम्बेलशी करार सहा वर्षांचा केला होता. आणि तळाला राहिल्याची एक कमाईही असते: पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्याच नंबरला त्यांना एडन हचिन्सन मिळाला, आपल्या मिशिगनचाच.

उलटंही घडतं. जिम कॉल्डवेलला याच लायन्सनी २०१७ मध्ये ९-७ करूनही काढलं होतं, एवढ्याने भागत नाही म्हणून. त्याच्या जागी आला तो पॅट्रिशिया. पुढचं वर सांगितलंच आहे.

२०२२ मध्येही कॅम्बेलची सुरुवात १-६ झाली. ऑफिसात सगळे त्याच्या जाण्याची तारीख सांगत होते, त्यात मीही. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प मात्र पत्रकारांसमोर येऊन त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. सिझन संपला ९-८ वर. पुढच्या वर्षी १२-५, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे सिझननंतरच्या बाद फेरीत, समोर नेमका स्टॅफर्ड. २४-२३ ने जिंकलो, प्लेऑफमधला बत्तीस वर्षांतला पहिला विजय. शेजारी त्या रात्री आमच्याकडे होते. शेवटची दोन मिनिटं ते उभ्यानेच बघत होते, हातात चहाचा कप तसाच, गार झालेला.

तुमची टीम कोणती ते लिहिलं नाहीत. डिसेंबरातले तिचे गेम कसे गेले तेवढं सांगा, मग बोलू.